नवऱ्याची अंतर मोजणारी दुर्बीण

माझ्या नवऱ्याला झुरळ मारता येत नाही. जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटमध्ये सिंकखालच्या पाइपातून कधीमधी एखादं दांडगं झुरळ वर येतं, तेव्हा तो पाय वर घेऊन खुर्चीवर बसतो आणि मला हाक मारतो. चप्पल मीच उचलते. त्यामुळे मागच्या वर्षी न्यूझीलंडहून परत आल्यावर त्याने जेवायच्या टेबलावर जाहीर केलं की आपल्याला रायफल फार छान चालवता येते, तेव्हा मी आणि मुलगी दोघीही मोठ्याने हसलो. मुलगी हसतच राहिली. माझं हसू मात्र मध्येच कुठेतरी अडकलं.

तो बँकेत आहे. त्याचा साहेब न्यूझीलंडचा. साउथ आयलंडवर डोंगराच्या पायथ्याशी साहेबाच्या भावाचं मोठं शेत आहे, मेंढ्यांचं. तिथे हरणं इतकी वाढली आहेत की कुरणंच्या कुरणं फस्त करतात, म्हणून ती मारणं हा तिथे शेतीच्याच कामाचा भाग समजला जातो. नवरा ऑकलंडला ऑफिसच्या कामाला गेला होता, तिथून जोडून सुट्टी आली म्हणून साहेब त्याला भावाकडे घेऊन गेला. हरणं त्या वेळी दिसली नाहीत. पण साहेबाने दूरवर लोखंडी पत्रे टांगून त्याला आपल्या रायफलमागे पालथं झोपवलं, आणि ह्याने पत्रे वाजवले. एकामागून एक.

"साहेब काय म्हणाला माहितीये?" तो आमटीत भात कालवत म्हणाला. "यू आर अ नॅचरल. उपजतच आहे म्हणे माझ्यात."

मी त्याला आणखी भात वाढला. काहीतरी करायला हवं होतं.

आता माझं सांगते. पुण्यात कॉलेजात असताना मी एनसीसीत होते. तिथे पहिल्यांदा पॉइंट टू टू रायफल हातात आली आणि मी तिच्या प्रेमातच पडले. सकाळी अंधार असतानाच स्कूटीवरून रेंजवर जायचे. आमचे उस्ताद फौजेतून आलेले, कमी बोलणारे. "आधा छोडो, फिर रुको," एवढंच सांगायचे. श्वास अर्धा सोडायचा, आणि त्या रिकाम्या जागेत थांबून ट्रिगर ओढायचा. मी राज्याच्या संघापर्यंत पोचले. एका शिबिरात पदकही मिळालं. मग सीएची आर्टिकलशिप आली, परीक्षा आल्या, लग्न झालं, सिंगापूर आलं, मुलगी झाली. रायफल कोणी माझ्या हातातून काढून घेतली नाही. ती नुसती राहून गेली. इथेही नेमबाजीचे क्लब आहेत हे मला ठाऊक होतं, पण जरा हे होऊ दे, जरा ते होऊ दे, असं करता करता मुलगी पॉलिटेक्निकला जायला लागली.

नवऱ्याला हे सगळं माहीत होतं. पण बायको लहानपणी कथक शिकायची हे एखाद्याला जसं माहीत असतं, तसं.

मला जे होत होतं त्याला आपल्याकडे अगदी साधा शब्द आहे. पोटात दुखणं. नवऱ्याला पगारवाढ मिळाली तेव्हा मी पेढे वाटले होते. त्याच्या मित्रमंडळाचा, त्याच्या दाट केसांचा, पडल्या पडल्या झोप लागण्याचा मला कधी हेवा वाटला नाही. पण माझी एकच गोष्ट होती, आणि ती ह्या माणसाने सुट्टीत जाऊन, मनातसुद्धा न आणता, सहज उचलून आणली होती.

साहेबाने त्याला पुढच्या मोसमाचं आमंत्रण दिलं. ह्या वेळी खरोखरच्या शिकारीचं. "रायफल माझी वापर, पण डोळे तुझे आण," असं साहेब म्हणाला होता. म्हणजे स्वतःची दुर्बीण घेऊन ये. साधी नव्हे, लेझरने अंतर मोजणारी. तिच्यातून जनावर बघायचं, वरचं बटण दाबायचं, लेझरचा किरण जनावरावर आपटून परत येतो आणि किती मीटर ते डोळ्यासमोरच उमटतं. लांबच्या माऱ्यात हे कळल्याशिवाय नेम धरण्यात अर्थ नसतो, कारण जितकं अंतर जास्त तितकी गोळी खाली येते.

हे मला माहीत होतं. पण नवरा रोज जेवणानंतर टीव्हीवर दुर्बिणींचे व्हिडिओ लावायचा आणि मध्येच थांबवून मला समजावून सांगायचा.

"गोळी सरळ जात नाही, माहितीये का तुला? ती पडत पडत जाते."

"हो का?" मी गवारीच्या शेंगा मोडत म्हणायचे.

"आणि डोंगराच्या उतारावर तर आणखी गंमत आहे. दिसतं ते अंतर वेगळं आणि धरायचं ते वेगळं. ही दुर्बीण तो हिशोब स्वतः करते."

"वा."

शेंगांच्या शिरा मी अशा ओढायचे की मुलीच्याही लक्षात आलं. "आई, व्हाय सो ग्रम्पी? लेट हिम प्ले लाह," ती म्हणाली. खेळू दे त्याला. तिला काय सांगणार होते?

एका शनिवारी तो म्हणाला, "चल ना दुकानात. एकट्याने एवढी वस्तू घ्यायला नको वाटतं." सिटी हॉलजवळच्या एका जुन्या मॉलमध्ये वरच्या मजल्यावर कॅमेरे आणि दुर्बिणींची दुकानं आहेत. तिथे पक्षी बघणारे येतात, गोल्फवाले येतात, बोटीवरचे लोक येतात, आणि बाहेरदेशी शिकारीला जाणारे थोडे. दुकानदार साठीचा चिनी गृहस्थ होता. त्याने नवऱ्याला "बॉस" म्हटलं आणि माझ्यासाठी एक स्टूल पुढे केलं. "मॅडम, यू सिट." पाण्याची बाटलीही दिली. मी बसले.

त्याने काचेवर तीन दुर्बिणी मांडल्या. पहिली मोठी, दहा पट मोठं दाखवणारी, जड, आत सगळं गणित करणारी, फोनशी जोडता येणारी. दुसरी तशीच दहाची, पण भिंगं लहान आणि वजनाला हलकी. तिसरी आठ पट दाखवणारी, दिसायला अगदीच साधी. नवऱ्याने दुसऱ्या-तिसऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"साहेबाकडे हीच आहे," तो पहिली उचलून म्हणाला. आवाजात असा आदर होता, जसा गणपतीच्या मूर्तीबद्दल असतो.

दुकानात बघून काही कळणार नाही असं म्हणत दुकानदाराने शेजाऱ्याला दुकानाकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि तिन्ही दुर्बिणी घेऊन आम्हाला मॉलच्या कार पार्कच्या गच्चीवर नेलं. वर कोणी नव्हतं. ढग भरून आले होते, सिमेंट तापलेलं होतं. समोर उंच इमारती, मध्ये रेन ट्रीचे घुमट, आणि पलीकडे बांधकामाची एक पिवळी क्रेन.

"आधी अंदाज करा, मग बटण दाबा," दुकानदार म्हणाला. "सगळ्या गिऱ्हाइकांना हा खेळ आवडतो."

मलाही आवडला. मनात म्हटलं, आता बघू उपजत कोण आहे ते. "क्रेन तीनशे मीटर," मी पटकन सांगितलं.

नवऱ्याने डोळे बारीक केले. घाई केली नाही. आधी जवळच्या झाडाकडे बघितलं, मग मधल्या छपराकडे, मग क्रेनकडे. "चारशेच्या थोडं वर," तो म्हणाला.

दुर्बीण म्हणाली, चारशे बारा.

हॉटेलच्या पाटीचं तेच झालं. एका पाण्याच्या टाकीचंही तेच. माझे अंदाज कुठल्या कुठे, त्याचे अगदी जवळ. मी स्वतःची समजूत घालत होते की आमची रेंज कायम पन्नास मीटरची, लक्ष्य जागचं हलायचं नाही, अंतर ओळखायला मला कधी कोणी शिकवलंच नाही. पण त्यालाही कोणी शिकवलं नव्हतं. म्हणजे साहेब उगाच कौतुक करत नव्हता. ह्या माणसाच्या डोळ्यांत खरोखरच काहीतरी होतं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात ते मला दिसलं नव्हतं. तोपर्यंत मला निदान एवढा आधार होता की खरी नेमबाज मी आहे आणि हा हौशी. तो आधारही त्या गच्चीवर सुटला.

मग गंमत सुरू झाली. नवऱ्याला चष्मा आहे. त्या मोठ्या दुर्बिणीतून त्याला पूर्ण गोल दिसेना. तो मान पुढे घ्यायचा, मागे घ्यायचा, चष्मा कपाळावर सारायचा.

"आकडा अर्धाच दिसतोय," तो म्हणाला.

दुकानदाराने डोळ्यापाशी असलेली रबरी कडी आत फिरवून दिली. तरी आकड्याची कडा कापलेलीच. शिवाय त्याचे हात हलत होते. दहा पटीत हाताची प्रत्येक थरथर दहा पट होते. झाडावर नेम धरून बटण दाबलं की एकदा झाड लागायचं आणि एकदा मागची इमारत, आणि आकडा उड्या मारायचा.

"सवयीने जमेल," तो म्हणाला. "हीच घेऊ."

मला दिसत होतं की ही दुर्बीण त्याच्या डोळ्यांसाठी नाही. ही घेऊन हा तिथे जाईल, संध्याकाळच्या उजेडात हरीण समोर येईल, ह्याला आकडा अर्धा दिसेल, आणि साहेबासमोर उपजत वगैरे सगळं संपेल. हा विचार मनात आला आणि बराच वेळ तिथे आरामात बसून राहिला. त्याला उठवायची मला घाई नव्हती.

तेवढ्यात त्याने दुर्बीण माझ्यापुढे धरली. "तू बघ ना एकदा."

मी घेतली. कोपरं आपोआप बरगड्यांना टेकली. पाय आपोआप फाकले. श्वास अर्धा सोडला, थांबले. क्रेनच्या हुकाला लटकलेला एका कामगाराचा डबा मला दिसला, आणि तो जागचा हलेना. बटण दाबलं. परत दाबलं. परत. आकडा तोच.

दुकानदार माझ्या हातांकडे बघत होता. "मॅडम, यू शूट बिफोर?"

मी उत्तर देण्याआधी नवरा इंग्रजीत म्हणाला, "कॉलेजमध्ये करायची थोडंफार."

"थोडंफार नाही," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले, आणि जरा जोरात. "राज्याच्या संघात होते मी."

मराठी न कळणाऱ्या दुकानदारानेही नजर दुसरीकडे वळवली. भांडणाचा सूर कुठल्याही भाषेत कळतो.

नवरा हळूच म्हणाला, "मग सांग ना. कोणती घेऊ?"

खरं सांगायचं तर त्याने वाद घातला असता तर मी सांगितलं नसतं. पण तो विचारत होता, आणि मला उत्तर येत होतं, आणि येत असलेलं उत्तर दाबून ठेवणं माझ्या स्वभावात नाही. मी आठची ती साधी दुर्बीण त्याच्या हातात दिली. म्हटलं, मोठं कमी दिसेल पण हलणार कमी. चष्म्यामुळे डोळा लांब राहिला तरी पूर्ण चित्र दिसेल. हिच्यातला आकडा लाल आहे आणि तो मंद करता येतो. हरणं संध्याकाळी बाहेर येतात ना? मग काळा आकडा काळोख्या झाडीत दिसणार नाही, आणि फार झगझगीत लाल असला तर त्याच्या मागचं हरीण दिसणार नाही.

"पण साहेबाकडे दहाची आहे."

"साहेबाला चष्मा आहे?"

"नाही."

त्याने आठची डोळ्याला लावली. जरा वेळाने म्हणाला, "आकडा पूर्ण दिसतोय." आणि मग, जणू स्वतःशीच, "क्रेन पण हलत नाही फारशी."

खाली दुकानात आल्यावर दुकानदाराने गळ्यातल्या पट्ट्यांचे दोन प्रकार काढले आणि मला विचारलं, "मॅडम, विच वन?" स्टूलवर मी पुन्हा बसले नाही.

नंतर आम्ही जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांकडे, गेलो. त्याने कोपी, म्हणजे इथली दाट गोड कॉफी घेतली, मी लिंबाचं सरबत. पाऊस सुरू झाला होता आणि ट्रे घेऊन लोक टेबलं शोधत होते. तो पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

"इतकं चिडायला काय झालं तुला?" त्याने विचारलं.

"मला हेवा वाटतोय," मी म्हणाले. ठरवून नाही, तोंडून गेलं.

"कोणाचा? साहेबाचा?"

"तुझा."

तो आधी हसला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबला. आपला हेवा करण्यासारखं काही असेल, हे त्याला बापजन्मात कधी वाटलं नसावं. "मग तू पण चल की," तो म्हणाला.

"तुझ्या साहेबाच्या शेतावर? तुझी बायको म्हणून? तुम्ही डोंगरात जाणार आणि मी साहेबाच्या वहिनीबरोबर केक करत बसू?"

"तसं नाही ते."

"नको मला."

सरबत संपवून मी आधी उठले.

तरी शिकवलं मीच. माझं ऑफिस हार्बरफ्रंटला, एका जहाज कंपनीचे हिशेब बघते. शनिवारी तो तिथे यायचा आणि आम्ही पाण्याच्या कडेने चालत जरा निवांत जागी जायचो. समोर बेटाची झाडी, मध्ये फेऱ्या मारणाऱ्या बोटी, पाण्यात रंगवलेली पिंपं तरंगत असायची. त्या पिंपांवर तो सराव करायचा. माणसांकडे रोखू नकोस, एवढी ताकीद मी पहिल्याच दिवशी दिली होती. ते लेझर डोळ्याला अपायकारक नाही असं तो सांगायचा, पण हे शिस्तीचं आहे, यंत्राचं नाही, असं मी म्हणायचे, आणि माझ्याच तोंडून उस्तादांचा आवाज ऐकू यायचा.

"कोपर आत. अजून आत. आता सोड श्वास. सगळा नको, अर्धा."

"असं?"

"थांब तिथे. दाब."

तो भराभर शिकत होता. एखाद्याला शिकवावं, त्याने शिकावं, आणि आपल्याला त्याचं वाईट वाटावं, हा फार विचित्र प्रकार आहे. पहिल्या शनिवारी तरंगतं पिंप त्याच्या हातून सुटायचं. पुढे पुढे लाटेवर खालीवर होणाऱ्या पिंपाचाही आकडा तो अचूक धरायला लागला. मी "छान" म्हणायचे. मला जे जमवायला महिने लागले होते ते हा सरबताच्या गाडीकडे एक नजर ठेवून जमवत होता.

एप्रिलमध्ये तो गेला. दोन दिवसांनी संध्याकाळी फोन आला. मी पोळ्या करत होते, मुलीने फोन स्पीकरवर टाकून माझ्यापाशी धरला.

त्याने सगळं सांगितलं. ते उतारावर झुडपाआड तासभर पडून होते. खाली ओढ्याकाठी कळप आला. साहेबाने कडेची एक मादी दाखवली. ह्याने दुर्बीण लावली, आकडा वाचला, उताराचा हिशोब धरून खाली दुसरा आकडा आला तोही वाचला. मग रायफल घेतली. अर्धा श्वास सोडला. मादी जागेवरच कोसळली. जवळ गेल्यावर त्याने तिच्या कानाला हात लावला, तो अजून गरम होता.

"मला रडायला आलं गं," तो म्हणाला. "साहेबासमोरच. तो नुसता बाजूला जाऊन उभा राहिला. तू असतीस तर बरं झालं असतं."

"अंतर किती होतं?" मी विचारलं.

"दोनशे साठ," तो म्हणाला.

मुलीने माझ्याकडे चमकून बघितलं. तिचे बाबा रडल्याचं सांगत होते आणि आई अंतर विचारत होती. मलाही ते खटकलं. पण दोनशे साठ. पन्नासच्या पुढे मी कधी गेलेच नव्हते.

"आणि ऐक," तो म्हणाला, "काळोख पडताना साहेबाने माझ्या दुर्बिणीतून बघितलं. त्याच्या दुर्बिणीपेक्षा हिच्यात स्पष्ट दिसतंय म्हणाला. मी सांगितलं, बायकोने निवडली."

हे त्याने मला बक्षीस म्हणून दिलं होतं. मी घेतलं. पण पोळी उलटताना मनात आलं की निवडणारी मी, शिकवणारी मी, आणि त्या ओढ्याकाठी मी नव्हते.

तो परत यायच्या आधीच मी एका क्लबला फोन केला. सुरक्षेचा वर्ग करावा लागला, तो केला. रायफली तिथेच असतात, तिथेच ठेवून यायच्या. सुरुवात दहा मीटरवरच्या एअर रायफलने. नवरा आल्यावर त्याला सांगितलं, तेव्हा तो खरोखर खूश झाला.

"मी पण येतो. दोघं मिळून जाऊ."

"नको."

"नुसता बघायला?"

"बघायला पण नको."

"का पण?"

"कारण पहिल्याच दिवशी तू माझ्यापेक्षा चांगलं मारशील," मी म्हणाले. "आणि मला ते सहन होणार नाही."

दुखावला की नाही ते कळलं नाही. मी समजूत काढली नाही.

पहिला रविवार वाईट गेला. तिथलं जाड जाकीट चढवताना खांदे दुखले. जवळचं वाचायला लागणारा चष्मा आता मलाही आहे, त्यामुळे माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, स्पष्ट ठेवावी तर लक्ष्य धुरकट आणि लक्ष्य बघावं तर माशी गायब. शिकवणारी मुलगी आमच्या मुलीपेक्षा थोडीच मोठी. तिने माझा कागद बघितला आणि शहाणपणाने फक्त एवढंच म्हणाली, "आंटी, योर होल्ड इज व्हेरी गुड." शेजारच्या लेनमध्ये शाळेतल्या दोन पोरी होत्या, त्यांचे खांदे दगडासारखे स्थिर. त्यांच्याकडे बघून पोटात पुन्हा तेच ओळखीचं दुखणं सुरू झालं. पण ह्या वेळी माझ्या हातात रायफल होती, आणि उस्तादांनी सांगितलेला श्वास अजून जागेवर होता. शेवटचे काही छर्रे एकमेकांजवळ पडले. मध्यभागी नाही, डावीकडे खाली, पण एकमेकांजवळ. नेमबाजाला त्याचा अर्थ कळतो: हात बरोबर आहे, माशी सरकवायची आहे.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "कसं झालं?"

"बरं," मी म्हणाले. कागद दाखवला नाही.

पुढच्या रविवारी मी निघाले तेव्हा तो बुटांच्या कपाटाशी येऊन उभा राहिला. "किती लांब आहे ते?" त्याने उगाच विचारलं. "बस थेट जाते?"

"जाते."

"मग मी काय करू दिवसभर?"

चेहरा जरा पडला होता त्याचा. मला ते बघून बरं वाटलं, नाही कशाला म्हणू? "गवार आणलीये, ती मोडून ठेव," मी म्हणाले, आणि लिफ्टचं बटण दाबलं.